पाण्याची पाळी आणि सरांचं विधिशास्त्र

शेवटची भेट इंदापुरात, सरांच्या घरी झाली. आजारानं आवाज पार बसला होता, तरी मला बघताच म्हणाले, "डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. हुकूम आहे, पण मला मान्य नाही. मग तो कायदा झाला का गं?" स्वयंपाकघरातून काकूच म्हणाल्या, "शिक्षा मी देणार हाय, म्हंजे झाला की!" सर पोट धरून हसले. महिन्याभरात गेले...

वाघचौरे सर बारामतीच्या लॉ कॉलेजात आम्हाला विधिशास्त्र शिकवायचे. सगळी पोरं टरकून असायची असा विषय. कायदा म्हणजे सत्तेचा हुकूम, असं एक विचारवंत म्हणतो. अन्यायाचा हुकूम कायदाच नव्हे, असं दुसरा. तिसऱ्याला तो लोकांच्या रूढीतून उगवलेला दिसतो आणि चौथा म्हणतो, पुस्तकं मिटा, न्यायाधीश काय करतो ते बघा. मला रूढीवाले फार आवडायचे. सामाईक विहिरीवर वाढलेली पोरगी मी, दुसरं काय आवडणार!

मग माझे वडील गेले आणि भावकीनं आईची पाण्याची पाळी बंद केली. काटेवाडीजवळच्या आमच्या रानात ऊस वाळायला लागला. विहिरीवर शब्द चालायचा तो चुलत आजोबांचा, तात्यांचा. ते एकच म्हणत, "बाईमाणसाला पाळी कधीच नव्हती. रूढीच हाय तशी." माझा लाडका शब्द माझ्याच आईच्या मुळावर आला होता. मी रडत सरांकडं गेले. दावा लावू म्हणतील असं वाटलं, तर म्हणाले, "निकाल लागेपर्यंत ऊस थांबेल का?" आणि रविवारी स्वतःच आमच्या विहिरीवर हजर. आधी तात्यांचा चहा निवांत होऊ दिला. चहाआधी न्यायाधीशाला काही विचारू नये, हाही त्या न्यायाधीशवाल्यांचाच विचार आहे, असं नंतर मिश्कीलपणे म्हणाले.

"तात्या, तुमच्या भावानं रान विकलं, तवा त्याची पाळी कुणाकडं गेली?"

"रान घेणाराकडं."

"भाऊ संगं घेऊन न्हाय गेला?"

"पाळी काय माणसाची असती व्हय? रानाची असती."

"मग हिच्या आईचं रान कुठं गेलंय?"

तात्या "उद्यापासनं धर म्हनावं दारं," एवढंच बोलले आणि उठले. दारं धरायची म्हणजे सरीसरीत पाणी वळवायचं. त्या उसावर माझं शिक्षण पुरं झालं. मी आज वकिलीचा कोट घालते तो सरांमुळे, हे मला कुठंही सांगायला आवडतं.

सर गेल्याचा फोन आला त्या सकाळी पाळी आमची होती. मी रानात जाऊन सांगितलं, तशी आईनं खोरं बांधावर टाकलं. "पाणी चालू हाय गं, मी कशी येऊ?" तात्या आता थकलेत. काठी टेकत आले, म्हणाले, "सूनबाई, तू जा मातीला. दारं मी धरतो." आई नको नको म्हणत असतानाच त्यांनी धोतर खोचलं आणि आमच्या सरीत उतरले.

कुणाचा हुकूम नव्हता, तशी रूढी तर मुळीच नव्हती. इंदापूर येईपर्यंत आई रडत होती आणि मी मनातल्या मनात हे सगळं सरांना सांगत होते.