रुमालातल्या बांगड्या

स्वमग्न मुलांना कसं शिकवायचं, यासाठी आमच्या चार छोट्या शाळांनी मिळून शिरवणे गावात प्रशिक्षण ठेवलं होतं. दिवाळे कोळीवाड्याच्या बाईंसोबत त्यांच्या शाळेतल्या सेविका मावशीही आल्या होत्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. हातातल्या बांगड्यांवर त्यांनी रुमाल घट्ट गुंडाळला होता.

"लागलं का हो, मावशी?" मी विचारलं.

"नाय गं बाय. आमची एक पोर किनकिन आयकली का कान दाबते. पन घरवाला दर्यावर हाय, बांगड्या कशा काढू? म्हनून बांधल्या. आता सवयच झाली."

'मोठ्या आवाजाचा त्रास होतो' हे दिवसभर वहीत उतरवून घेतलेल्या आम्हा शिक्षकांनी शेवटी टाळ्यांचा कडकडाट केला. मावशींनी टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून नुसते हलवले.