दुखतं कुठं, ते विचारणारं पान

सोमवारी भाऊ गेला. दुपारी दवाखान्यातून फोन आला. मी पोचले तेव्हा त्याला बाहेर आणलं होतं.

आम्ही बहीणभाऊ चंद्रपुरात बसून एकच काम करायचो. भामरागडकडच्या गावोगावच्या आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याच्या आशा सेविका, आजाऱ्यांची नोंद मोबाइलवर करतात. त्या अ‍ॅपची पानं तो आखायचा, त्यांवरचे शब्द मी लिहायची. शेवटच्या पानावर त्यानं शब्दच ठेवले नाहीत. नुसतं माणसाचं चित्र. जिथं दुखतं तिथं बोट ठेवायचं. मी कुरकुरले, तर म्हणाला, "ताई, इथं तुझे शब्द नकोत, तू आता पुस्तकं वाच."

त्याच्यामागचं बौद्ध रीतीचं पुण्यानुमोदन झालं आणि पाठोपाठ अ‍ॅप चालवणाऱ्या संस्थेच्या साहेबांचा फोन आला. पान जितक्या लवकर भरेल तितकं ते यशस्वी, हे माप आम्हीच मान्य केलेलं. बाकीची पानं भराभर सरकत होती, या एका पानावर मात्र आशाताई अडकून राहत होत्या. चित्र काढून यादी टाकू, असं साहेबांचं म्हणणं. आधी बघून येते, एवढंच मी बोलले. भावाच्या हातचं ते शेवटचं काम होतं.

भामरागडच्या पुढच्या एका गावात गेले. तिथली आशाताई कुरखेड्याची, लग्न होऊन इकडे आलेली. इथली माडिया भाषा तिला जेमतेम समजते. अंगणात खाटेवर एक आजी होती. तिला मराठी येत नव्हती; एरवी तिचं दुखणं सूनच मराठीत सांगायची. आशाताईनं मोबाइल सरळ तिच्या हातात दिला. आजीनं चित्र निरखलं आणि शेजारणीला दाखवलं. शेजारणीनं चित्राचा गुडघा दाबला. सुनेनं हसत कंबर दाबली. मोबाइल अंगणभर फिरत होता, आशाताई मधेमधे खुणा पुसत होती. वेळ जातोय हे मला दिसत होतं, तरी भावाचं चित्र हातोहात फिरताना बघून मला आनंद होत होता.

सगळ्यांचं झाल्यावर आजीनं मोबाइल परत मागितला, सुनेकडं पाठ केली आणि चित्राच्या छातीवर बोट ठेवलं. मग आशाताईला घरात नेऊन गाठ दाखवली.

आशाताई बाहेर आली ती सुनेवर उखडूनच. "मी दर खेपेले ताप लिहून राह्यली. तू काऊन नाई सांगितलं?"

"मले तरी कुठी मालूम होतं, बाई?" सून म्हणाली. "सासू असं सुनेच्या तोंडून सांगन का?"

परतताना रेंज मिळाली तिथंच मी गाडी थांबवायला लावली. साहेबांना सांगताना शब्द एकमेकांवर आदळत होते. वेळ लागतो तो बायका आधी आपापलं दुखणं दाखवतात म्हणून; तेव्हा कुठं आजाऱ्याचं बोट उठतं. वेळ मोजू नका, आजाऱ्यानं स्वतः बोट ठेवलं का ते मोजा. साहेबांनी सगळं एकदा पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले, "राहू द्या ते पान."

आजीवर उपचार चालू आहेत. पान तसंच आहे. त्याचं काम आता मी एकटी बघते.