नाटकातली बाई मी व्हायचे

कुटुंबनियोजनाचं टार्गेट बंद झालं, त्या सुमाराची गोष्ट. मार्च आला की ऑपरेशनच्या केसेस शोधत उन्हातान्हात वस्त्या पालथ्या घालायच्या, हे आम्हा नर्सबायांचं वर्षानुवर्षांचं काम. ते आता करायचं नाही, बाईला काय हवं ते तिलाच विचारायचं, असं वरून फर्मान आलं आणि ते आमच्या गळी उतरवायला बीडला आठवडाभराचं प्रशिक्षण ठेवलं.

शिकवायला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. सुती साडी, मोकळं कपाळ, गोड आवाज. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘हक्क’. आमच्याकडे हक्क म्हटलं की सामाईक विहिरीवरची पाण्याची पाळी आणि कोर्टाची तारीख. बाईचा स्वतःच्या गर्भपिशवीवरही हक्क असतो, हे ऐकून मागच्या रांगेत खसखस पिकली. मी हसले नाही. मला ते ऐकायचंच होतं.

माझ्या दोन मुली. धाकटी शाळेत जायला लागली तसं घरात ‘आता एक मुलगा होऊ द्या’ सुरू झालं. सासूबाई देवाशी बोलायच्या, नवरा कुणाशीच बोलायचा नाही. त्याचं ते गप्प बसणंच जास्त जड व्हायचं. मला तिसरं नको होतं. साधी तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवून घ्यायची होती, तीही घरी न कळता. मी स्वतः कितीतरी बायांना तांबी बसवली होती, पण आपली आपल्याला बसवता येत नाही. आणि जावं कुणाकडे? सिस्टर ओळखीची, डॉक्टर ओळखीचे, औषधं देणारा नवऱ्याचा वर्गमित्र. गावभरच्या बायांची गुपितं मी पोटात ठेवायची, पण माझं ठेवायला जिल्ह्यात जागा नव्हती.

त्यात दीर बीडलाच, आरोग्य खात्यात कारकून. हॉस्टेलवर राहायला घरच्यांची परवानगी नव्हती, म्हणून माझा मुक्काम त्याच्याकडे. सकाळी तो स्कूटरवर सोडायचा, संध्याकाळी न्यायला यायचा, आणि उशीर नको म्हणून बराच आधी येऊन हॉलच्या दारात बसायचा. मायाळू माणूस. पण त्या मायेनं माझा जीव घुसमटायचा.

मॅडम सांगायच्या, बाईला एकटीला आत घ्या. सोबतच्यांना बाहेर बसवा. ती जे बोलेल ते तिला विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या कानावर जाता कामा नये. तांबीला नवऱ्याची संमती लागत नाही. मी ऐकायचे आणि मॅडमना एकटं कुठं गाठावं याचाच विचार करत बसायचे. पण त्या कायम गराड्यात. जेवताना जिल्ह्याचे साहेब शेजारी, आणि साहेबांच्या मागेपुढे दीर.

मग एका दुपारी नाटुकलं करायचं ठरलं. एकीनं नर्स व्हायचं, एकीनं बाई, बाकीच्यांनी सतरंजीवर गोल करून बघायचं. धर्मापुरीकडची एक सिस्टर नर्स झाली. बाई व्हायला कुणी उठेना. मी उठले.

खुर्चीवर बसून डोक्यावरून पदर घेतला. “काय पायजे, ताई?” तिनं विचारलं, आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं.

“दोन पोरी हायत. घरच्यायला पोरगं पायजे. मला न्हाई पायजे. लई दमले मी. तांबी बसवा, पण माझ्या घरी कळू देऊ नका.”

सिस्टर इतके दिवस सगळं शिकली होती, पण सवय कुठं जाते? ती पटकन म्हणाली, “मालकाला घेऊन या की. आन सासूला इचारलं का?”

सगळा हॉल हसून लोटपोट झाला. मॅडमनी तिची चूक समजावून सांगितली आणि पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. या वेळी सिस्टरनं बरोबर केलं. “तुमच्या घरी काय कळणार न्हाई,” ती म्हणाली, तेव्हा माझे डोळे भरून आले. “बघा, किती खरी बाई उभी केली यांनी!” मॅडम म्हणाल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. दारात उभा राहून दीरही टाळ्या वाजवत होता.

सुटल्यावर नळावर हात धुताना धर्मापुरीची सिस्टर जवळ आली. हळूच म्हणाली, “सिस्टर, खरं हाय का ओ हे?”

दीर स्कूटरची किल्ली फिरवत मागेच उभा होता.

“न्हाई ओ, नाटक हाय,” मी म्हणाले. “कावून इचारता?”

तिनं नळ बंद केला आणि हॉस्टेलकडे निघून गेली.

रात्री जेवताना दिरानं माझी हुबेहूब नक्कल करून जावेला दाखवली. “वहिनी, तुमी तर सिनेमात पायजे होत्या!” सगळे हसले, मीही हसले. मला रडायचं होतं. माझं खरं गाऱ्हाणं सगळ्यांनी नाटक म्हणून ऐकून घेतलं होतं. आता मी तेच घरी सांगितलं असतं तरी नाटकच ठरलं असतं.

नाटुकलं मॅडमना एवढं आवडलं की पुढच्या प्रत्येक तुकडीला साहेब मला बोलावून घेऊ लागले. घरी त्याचा केवढा अभिमान! दर वेळी मी ठरवून जायचे, आज मॅडमना गाठायचंच. एकदा व्हरांड्यात त्या एकट्या सापडल्या. मी तोंड उघडणार तोच साहेब आले आणि कौतुकानं म्हणाले, “या आमच्या कारकुनाच्या वहिनी बरं का.” मी नमस्कार केला आणि चहा आणायला गेले.

शेवटच्या तुकडीपर्यंत मला पाचवा महिना लागला होता. मॅडमनी आधी माझं तोंडभर अभिनंदन केलं. मग मी खुर्चीवर बसल्यावर त्या वाकल्या, माझा पदर पोटावर नीट पसरला आणि प्रेमानं म्हणाल्या, “जरा झाकून घ्या, ताई. आपल्या नाटकातली बाई गरोदर नाही.”

मी झाकून घेतलं, आणि मला तिसरं नको आहे म्हणून सांगायला सुरुवात केली.