सतरंजीवरची देवघेव

१२ मार्च १९७८, रविवार. पहाटे उठून मी जुन्या धोतराच्या पट्ट्यांत रिसीव्हर गुंडाळत होते. सांगलीला हौशी रेडिओवाल्यांची देवघेव होती. संदेश पाठवायच्या माझ्या ट्रान्समीटरचा मुख्य व्हॉल्व्ह, आतली काचेची नळी, दिवाळीत जळाला होता. तेव्हापासून मी नुसती ऐकत होते, कुणाला उत्तर देता येत नव्हतं. जादाचा रिसीव्हर देऊन व्हॉल्व्ह मिळवायचा, एवढंच त्या दिवशीचं काम.

सत्तर साली पहिल्यांदा गेले तेव्हा आम्ही सात-आठ जण होतो. एका शाळेच्या प्रयोगशाळेत सतरंजी अंथरायची आणि आपली वस्तू झाकण काढून तिच्यावर ठेवायची. दुसऱ्याचं काही हवं असेल, तर आपली वस्तू त्याच्या वस्तूशेजारी नेऊन ठेवायची. त्याने ती उचलली की सौदा झाला. माल कुठून आणला, हे कुणी विचारत नसे. बराचसा माल लष्कराच्या लिलावातला आणि चार हात फिरून आलेला असे.

आणीबाणीत हे सगळं बंद पडलं. माझ्याकडेसुद्धा साताऱ्यात एक पोलीस येऊन गच्चीवरची तार कुठे जाते ते बघून गेला. वायरलेसचा परवाना दाखवला तरी त्याने तो दोनदा उलटापालटा केला. देवघेव पुन्हा सुरू झाली तेव्हा दाराशी वही आली होती: नाव, पत्ता, परवाना क्रमांक. माणसं वाढली होती, पण त्यांत टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे बरेच. आता चोरीचा माल नको म्हणून जो तो वस्तू उलटी करून लष्कराचा नंबर आहे का ते वाचायचा. मीही वाचायचे. परवाना गेला असता तर तो मला कुणी परत मिळवून दिला नसता.

त्या दिवशी माझ्या रिसीव्हरशेजारी दोन व्हॉल्व्ह येऊन बसले. हवे तेच, कोरे, खोक्यासकट. ठेवणारा म्हसवडकडचा, लष्करात वायरलेसवर नोकरी करून आलेला. वहीत परवान्याच्या जागी त्याने लिहिलं होतं, ‘परीक्षा पास, परवाना येणार.’

कुपवाडला वर्कशॉप असलेले, देवघेव भरवणारे यजमान माझ्या कानाशी आले. “बाई, उचलू नका. खोक्यावरचा नंबर बघा.”

नंबर ब्लेडने खरवडलेला होता.

“हे कुणी केलं?” मी त्या माणसाला विचारलं.

“म्याच.”

“का?”

“आवं बाई, गेल्या खेपेला मिल्ट्रीचा नंबर बघून समदी लांब पळाली. म्हून खरवडला. पुण्याच्या लिलावात घेतल्यात. पावती हाय घरला.”

“पावती घरी आणि माल इथं?” यजमान म्हणाले. “लष्करात हेच शिकवलं का रं?”

“नंबर असला तर चोर, नसला तरी चोर. मग गड्या, तूच सांग, आणू तरी काय? भाकरी?”

सगळे हसले. खरंच वायरलेसवाला आहे का ते बघायला मी त्याला सरावाच्या चावीवर टिंब-रेघांचा मोर्स वाजवायला सांगितलं. सुरेख वाजवला, एक टिंब इकडचं तिकडे नाही. पण हात चांगला होता म्हणून माल त्याचा ठरत नाही. “पावती दाखवा, मग उचलते,” मी म्हणाले.

“तेवढं लय झालं,” तो म्हणाला. “मला सेट ऐकायला पायजे. घरात बसून परवान्याची वाट बघतोय, हाताची सवय मोडाय लागलीया. पावती आणतो, तवा सेट द्या. ह्ये ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी.” मी नको म्हणेपर्यंत तो एसटी गाठायला निघून गेलासुद्धा.

यजमान तो माल ठेवून घ्यायला तयार नव्हते. शेवटी तो माझ्याच पिशवीत आला. परतीच्या वाटेवर इस्लामपूर येईपर्यंत माझ्या मनात एकच चाललं होतं: याने माल विकायला आणला की माझ्या गळ्यात मारला? उद्या कुणी दारात उभं राहिलं, तर पावती मी कुठली दाखवणार? घरी पोचल्यावर ट्रान्समीटर उघडला, व्हॉल्व्हचा रिकामा सॉकेट पाहिला आणि झाकण परत लावलं. खोकी फोडली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली, वहीतून उतरवून घेतलेला पत्ता पदराला बांधला आणि दोन्ही व्हॉल्व्ह आणि रिसीव्हर घेऊन म्हसवडची पहिली एसटी पकडली. पावती पाहिल्याशिवाय रिसीव्हर पिशवीतून काढायचा नाही, हे ठरवूनच.