आक्काबाईंचा पडाव

यशोदाबाईंनी आक्काबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, ही बाई घर सोडून चालली आहे.

लक्ष्मणरावांना पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि चिंचवडच्या गावठाणात एक खोली भाड्याने मिळणार होती. नवराबायको ट्रंक घेऊन पोचली, तर दारात बैलगाडी उभी. गाडीत कांद्याची पोती, आणि पोत्यांवर तवा, पिठाचं गाठोडं, घोंगडी, पाण्याची घागर, वर सरपणाची मोळी. कासोटा घट्ट खोचलेली एक उंच, सावळी बाई दोरीच्या गाठी आवळत होती.

"आम्ही लवकर आलो का?" यशोदाबाईंनी चाचरत विचारलं. "तुमचं सामान अजून निघतंय..."

"कुठं निघतंय? चाकनच्या बाजाराला चालले. सांजच्याला माघारी."

"मग तवा कशाला?"

"वाटंत चाक मोडलं तर? ते काय आपल्याला इचारून मोडतं?"

ह्याच घरमालकीण आक्काबाई. नवरा फार पूर्वी गेलेला, मूलबाळ नाही, पवनेकाठची जमीन स्वतः कसायच्या. समोरच्या अंबुबाई म्हणायच्या, "आमची आक्का हिरीवर निघाली तरी भाकरी बांधून घेती." आक्काबाईंना त्याचा राग नव्हता. भाकरी बांधलेल्या माणसाला कुणी हसलं तरी तो उपाशी राहत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

पुढच्या श्रावणात यशोदाबाई तिथेच बाळंत झाल्या. त्यांची आई लहानपणीच वारली होती. ज्या मामाने वाढवलं तोही उरला नव्हता. सुईण आक्काबाईंनीच आणली, शेकशेगडीही त्यांनीच केली, आणि बाळाला न्हाऊ घालताना त्या त्याच्याशी पीकपाण्याचं बोलत बसत.

दिवाळी झाल्यावर हर्णैहून सासूबाईंचा निरोप आला. बोटी सुरू झाल्या आहेत, नातवाला घेऊन या. पहिला नातू उंबरा ओलांडेल तेव्हा माहेरची बाई बाळंतविडा घेऊन बरोबर हवी, ही त्या घरची रीत. कोण येणार तेवढं कळवा.

यशोदाबाईंनी निरोप आक्काबाईंना सांगितला. आक्काबाई ओट्यावर कांदे निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "मी येते की. माझं काय अडलंय हितं?"

यशोदाबाई खाली बसून त्यांच्याबरोबर कांदे निवडू लागल्या.

लक्ष्मणरावांनी वाट समजावून सांगितली. इथून आगगाडीने मुंबई, तिथे धक्क्यावरून बोट. "आणि हर्णै आलं की बोटीतून पडावात उतरायचं. मग घर जवळच."

"मधी पडाव हाय न्हवं? मग झालं," आक्काबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्यांचे हात थांबले नाहीत. आपल्या मऊ झालेल्या लुगड्याचं दुपटं शिवलं. अंगडी झाली, टोपडी झाली, डिंकाचे लाडू झाले. हे सगळं एका गाठोड्यात बांधून त्यांनी ते देवळीत ठेवलं आणि कुणाला हात लावू दिला नाही. मग दुसरं सामान ओट्यावर येऊ लागलं. निघायच्या आदल्या दिवशी लक्ष्मणराव पाळी संपवून आले, तर चढायला वाट नाही. पिठाचं पोतं, तवा, घोंगड्या, ताडपत्री, आणि गोणपाटात बांधलेल्या गोवऱ्या.

"आक्का, गोवऱ्या?"

"पडावावर चूल पेटवायची न्हाई? पोराला पानी ऊन करून द्याया नगं?"

लक्ष्मणराव खो खो हसले. "पडावात चूल पेटवलीत तर खलाशी आपल्याला पाण्यात टाकतील. अहो, पडाव म्हणजे होडी. मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही. ती भर पाण्यात उभी राहते, पडाव येतो, त्यात उतरायचं."

देशावरच्या माणसाचा पडाव म्हणजे मुक्काम. गाड्या सोडायच्या, बैलांना पाणी दाखवायचं, तीन दगड मांडायचे. आक्काबाई पिठाच्या पोत्यावर बसल्या.

"म्हंजी मधी जमीन न्हाई?"

"नाही."

"मी जमीन हाय म्हनून व्हय म्हनले."

नदीपलीकडे जायचं असलं तरी त्या कधी नावेत बसल्या नव्हत्या. पुलावरून वळसा घालून जायच्या, हे यशोदाबाईंना ठाऊक होतं. लक्ष्मणरावांचं हसू विरून गेलं. आक्काबाई गोणपाटाची गाठ सोडून गोवऱ्या एकेक करून परत रचू लागल्या.

बऱ्याच वेळाने यशोदाबाई जवळ जाऊन बसल्या. "आक्का, नका येऊ. बाळंतविडा तेवढा द्या. आईने पाठवलाय म्हणून सांगेन."

"पाठवती ती आई व्हय? आई घेऊन जाती." आक्काबाईंचा हात थांबला. "त्या होडीत बसाया काय असतं?"

"आडव्या फळ्या."

"धराया?"

"कड असते."

"आन पोर?"

खोटं बोलावं असं यशोदाबाईंच्या मनात आलं, पण त्यांनी खरं तेच सांगितलं. "खलाशी घेतात. एकजण वरून देतो, एकजण खाली झेलतो."

"झेलतो?" आक्काबाई उठल्या. "पोर म्हंजी काय भोपळा हाय?"

त्यांनी घरातून एक जुनं लुगडं आणलं. शेतात भांगलणीला जाताना बाया लेकरू बांधतात तसं पिठाचं एक गाठोडं पोटाशी करकचून बांधून घेतलं. मग लक्ष्मणरावांना म्हणाल्या, "जावईबापू, हसून झालं असंल तर ती रिकामी गाडी ओट्याला लावा. आन हालवा. तुमचा समुद्र हालवतो तशी."

लक्ष्मणरावांनी जू धरून गाडी वरखाली करायला सुरुवात केली. आक्काबाई ओट्याच्या काठाशी उभ्या राहिल्या. पाय पुढे गेला, मागे आला. समोरून अंबुबाईंनी विचारलं, "आक्का, बैल कुठं गेलं?"

"समुद्रात बैल लागत न्हाईत, अंबू," म्हणत आक्काबाईंनी पाय टाकला. पहिल्यांदा त्या गुडघ्यावर आपटल्या. पण गाठोडं हललं नव्हतं. ते चाचपून त्या पुन्हा वर चढल्या. गाडी वर येईपर्यंत थांबायचं आणि ती खाली जायच्या आत उतरायचं, हे पुढच्या खेपांत पायांना उमगलं.

"आता समुद्र जरा द्वाड करा," त्या म्हणाल्या. लक्ष्मणरावांना घाम फुटला.

यशोदाबाईंनी पिठाचं पोतं, ताडपत्री आणि तवा आत नेऊन ठेवला. पाणी तापवायचा तांब्या मात्र आक्काबाईंनी सोडला नाही.

हर्णैला बोट थांबली तेव्हा वारा होता. पडावातल्या खलाशाने हात पसरले, "मूल द्या, आजी."

"तू कड धर. पोर माझ्यासंगं येतंय," आक्काबाई म्हणाल्या आणि पडाव वर आल्याबरोबर उतरल्या. डोळे मात्र त्यांनी किनारा लागेपर्यंत मिटलेलेच ठेवले.

वाळूवर सासूबाई उभ्या होत्या. "माहेरचं कोण आलंय?"

"मी," आक्काबाई म्हणाल्या. "बाळंतविडा आनलाय. पन इहीनबाई, आदी मला जमिनीवर बसू द्या."

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आक्काबाईंना कमी ऐकू येतं. त्या यशोदाबाईंच्या घरी पुढच्या खोलीत राहतात.