पाळण्याशिवायचं बाळंतपण

"इनकम्प्लीट अबॉर्शन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझ्या तोंडाकडं बघून लगेच मराठीत आल्या. "गर्भ पडलाय, पण सगळा बाहेर आलेला नाही. पिशवी साफ करायला लागेल. आजच."

मला पाचवा महिना होता. आदल्या दिवसापासून कंबर भरून आली होती. सकाळी अंगावरून जायला लागलं तसा ह्यांनी पळत जाऊन टांगा आणला. टांग्यात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझा हात धरून बसल्या होत्या. दवाखाना येईपर्यंत त्या हळू आवाजात देवाचं नाव घेत होत्या. एरवी ह्या बाईचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा.

क्युरेटिंग झालं. म्हणजे भूल देऊन पिशवी आतून खरवडून साफ करतात. नुसत्या नावानंच मी भ्याले होते, पण जागी झाले तेव्हा सगळं आटोपलंही होतं.

शुद्धीवर आल्या आल्या नर्सबाईंना विचारलं, "मी पाण्याची घागर उचलली होती, त्यानं झालं का हो?" डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलं. स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या. "घागरीनं पोट पडत असतं तर कोल्हापुरात एक मूल जन्माला आलं नसतं. तुझी काही चूक नाही." बायांनो, हे वाक्य मी जन्मभर जपून ठेवलंय. तुम्हालाही लागलं तर घ्या.

घरी सोडताना त्यांनी सांगितलं, ॲनिमिया आहे, म्हणजे रक्त कमी आहे. गोळ्या घ्यायच्या, जड उचलायचं नाही, ताप आला तर लगेच यायचं. आणि आत्याबाईंना म्हणाल्या, "हे बाळंतपणच आहे असं समजा."

झालं! आत्याबाईंनी ते अक्षरशः धरलं. घरी पाऊल टाकते तो माजघरात बाज तयार. डोक्याला फडकं, कानात कापूस, अंगाला तेल, जेवल्यावर शेपा-ओवा, रोज आळिवाची खीर, आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. तीही भर वैशाखात, दार लावून! मी वांग्यासारखी भाजून निघाले.

डॉक्टरीणबाई बघायला आल्या आणि दारातच थबकल्या. "आजी, शेगडी आधी बाहेर. कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यांनी जीव जाईल तिचा. बाकीचं सगळं चालू द्या, खीर तर नक्की." आत्याबाई फणफणत शेगडी घेऊन गेल्या. "शिकल्याली मानसं. ह्यास्नी गारठा कवा बाधायचाच न्हाई!"

मग छातीत दूध उतरलं. हे होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते. बाळ नाही आणि चोळी भिजलेली. मी भिंतीकडं तोंड करून हमसून हमसून रडले. आत्याबाईंनी मोगऱ्याची फुलं आणून छातीवर ठेवली, वरून फडकं बांधलं. "आटंल ते. तू रड. रडल्याबिगर हलकं व्हायचं न्हाय."

शेजारच्या आक्का खीर बघून बोलल्याच. "पोर न्हाय, बारसं न्हाय, आन् हे लाड कशापायी? बाया चार दिसांत कामाला लागत्यात की."

"बाळ न्हाय, पण बाळंतीण हाय की!" आत्याबाई कडाडल्या. "तिला काय उकिरड्यावर टाकू व्हय?"

त्या दुपारी माझ्या पायांना तेल लावता लावता आत्याबाई खाली मान घालून म्हणाल्या, "माझं दोनदा पडलं. दुसऱ्या दिशी भांगलायला गेलतो शेतात. कुनी बस म्हटलं न्हाय." आणि तेल चोळत राहिल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

हळूहळू अंगात रक्त आलं. चक्कर थांबली. रडू अधूनमधून यायचं, ते मी येऊ दिलं. आपण बरं होतोय म्हणजे विसरतोय असं नव्हे, हे मला त्या माजघरात कळलं. डॉक्टरीणबाई आणि आत्याबाई, ह्या दोघींचे उपकार कसे फिटायचे?

बाजेवरून उठले त्या दिवशी पहिल्यांदा चुलीपुढं मी बसले. आळिवाची खीर केली, वर तुपाची धार सोडली आणि वाटी आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"मला कशाला? ही बाळंतिणीची असती."

"म्हणूनच," मी म्हटलं. "तुमची राहिली होती."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला, एक घास खाल्ला, आणखी एक खाल्ला. मग नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "गूळ कमी पडलाय." आणि रिकामी वाटी पुढं केली. "वाढ आनिक. दोन बाळंतपणं राहिल्यात माझी."