बाबांची बावीस जुलै

मंडळी, आधीच सांगून टाकते... भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. इथले बरेचसे अनुभव वाचून मी मनातल्या मनात हसलेली आहे. आमच्या घरात कधी उतारा टाकला नाही, कधी दाराला लिंबू बांधलं नाही. बुद्धवंदनेपलीकडे बाबांनी घरात काही येऊच दिलं नाही. गावात कुणाच्या अंगात आलं, की ते सरळ म्हणायचे, आधी दवाखान्यात न्या. त्यामुळे हे लिहिताना मला त्यांचीच लाज वाटतेय. पण इतकी वर्षं पोटात ठेवून आता सहन होत नाही, म्हणून लिहिते.

गोष्ट दोन हजार सहा सालची. मी कोल्हापुरात, शाहूपुरीत एका लोखंडी कास्टिंग एक्स्पोर्ट करणाऱ्या ऑफिसात नोकरीला होते. साहेबांच्या मेव्हण्यानं अमेरिकेहून एक कॉम्प्युटर आणून दिला होता. त्यात कॉन्टॅक्ट्स, कॅलेंडर आणि मेल असं सगळं आधीपासूनच होतं आणि ते एकमेकांना जोडलेलं होतं. म्हणजे कॉन्टॅक्टमध्ये माणसाची जन्मतारीख टाकली, की कॅलेंडरमध्ये त्याचा वाढदिवस आपोआप उमटायचा. साहेब भलतेच खूश! परदेशातल्या गिऱ्हाइकांना वाढदिवसाची मेल पाठवायची, हा त्यांचा बेत. मी म्हटलं, मग आपल्या कामगारांनी काय घोडं मारलंय? तर म्हणाले, त्यांचीही नावं घाल.

मी फायली काढून बसले. निम्म्याअधिक कामगारांची जन्मतारीख एक जून! खेड्यातून आलेल्यांना यात नवल वाटणार नाही. पूर्वी घरी कुणाला तारीख ठाऊक नसायची, मग शाळेत नाव घालताना मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. आमच्या बाबांचीही तीच. पोस्टमन म्हणून रिटायर झाले तेसुद्धा त्याच तारखेच्या हिशेबानं.

सगळी नावं घालून झाल्यावर गंमत म्हणून मी बाबांचंही घातलं. कॅलेंडर उघडलं तर एक जूनला एकोणीस नावांची ही भलीमोठी रांग — पण बाबा नाहीत. पुढची पानं उलटत गेले, तर बावीस जुलैला एकटेच. "बाबा — वाढदिवस." कॉन्टॅक्ट उघडून बघितला. तिथं एक जूनच!

पुसलं, परत टाकलं. परत बावीस जुलै. साहेबांना दाखवलं. दुरुस्तीला येणारा इंजिनिअर आला, त्यानं एक खोटंच नाव एक जून टाकून बघितलं, ते बरोबर एक जूनला बसलं. बाबांचं टाकलं की बावीस जुलै. काहीतरी सेटिंगचा घोळ असंल मॅडम, म्हणून तो चहा पिऊन गेला.

बाबा आणि आई बिद्रीजवळच्या आमच्या गावी राहायचे. मी त्यांच्या शेजारच्यांच्या फोनवर बाबांना गंमत सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "असंलही बाई. माझी आई म्हणायची, नदी पात्राभाईर आलती तवा तू झालास."

नदी पात्राबाहेर म्हणजे जुलैच की! अंगावर काटा आला, पण आनंदानं. बासष्ट वर्षांत या माणसाचा एकदाही वाढदिवस झाला नव्हता आणि आता खरी तारीख सापडली होती. त्या मशीनला ती कशी कळली, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला, इतकी मी हुरळून गेले होते.

मग काय, मी कॅलेंडरमध्ये बावीस जुलैला दुपारी बारा वाजता "बाबांचा वाढदिवस, कोल्हापूरला आपल्या घरी" असं टाकलं आणि कॉन्टॅक्टमधून माझा भाऊ मिलिंद निवडला. तो पुण्याला असायचा. त्याला मेल आपोआप गेली, त्याचं उत्तरही आलं, येतोय, केक मी आणतो. बाबा मात्र यायला तयार नव्हते. या वयात कसलं हे खूळ, म्हणाले. मी हट्टच धरला. आला नाहीत तर बोलणार नाही, असंही सुनावलं.

शनिवार होता. मी खीर करून ठेवली. मिलिंद बाबांना आणायला एसटी स्टँडवर गेला. गाडी वेळेवर लागली. सगळे उतरले, बाबा खिडकीशी बसूनच होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. झोप लागली असेल म्हणून कंडक्टरनं हलवलं...

डॉक्टर म्हणाले, जाऊन तास झाला असावा. म्हणजे वाटेतच गेले. भरल्या गाडीत, आणि कुणाला पत्ता नाही.

आईनं नंतर सांगितलं, सकाळीच त्यांची छाती भरून आली होती. ती म्हणाली, जाऊ नगा, दवाखान्यात जाऊया. तर म्हणाले, "पोरगी वाट बघत असंल. पयलाच वाढदिवस हाय माझा." दवाखाना गावात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच होता हो... दुसऱ्याला सांगणारा माणूस स्वतः गेला नाही, कारण मी न बोलण्याची धमकी दिली होती.

बाबांचं पुण्यानुमोदन, म्हणजे आमच्यातलं दिवसकार्य, झाल्यावर मी ऑफिसात गेले आणि ती नोंद पुसायला कॅलेंडर उघडलं. बावीस जुलैला फक्त मी टाकलेली बारा वाजताची नोंद होती. आपोआप उमटलेलं नाव तिथं नव्हतंच. ते आता एक जूनला होतं, त्या एकोणीस जणांच्या रांगेत विसावं. आधी काय दिसत होतं ते साहेबांनी पाहिलं होतं, इंजिनिअरनं पाहिलं होतं. मिलिंदकडे मेलही आहे, पण त्यात तारीख मी टाकलेली, त्यानं काय सिद्ध होणार? तेव्हापासून चार जाणकारांना विचारलं. प्रत्येकानं वेगळंच सांगितलं आणि एकाचंही पटलं नाही. ती तारीख बाबांच्या जन्माची होती, की मरणाची? की मी ती मनावर घेतली म्हणून ती मरणाची झाली? मला नाही सांगता येत. खरंच नाही.

मागच्या वर्षी मी धीर करून आईला हे सगळं पहिल्यांदा सांगितलं. आई शाळेतच गेलेली नाही, त्यामुळे तिला एक जूनसुद्धा नाही. ती गवारीच्या शेंगा मोडत ऐकत होती. मग तिनं विचारलं, "माझं नाव घातलंयस काय त्यात?"

मी म्हटलं, नाही.

"मग घाल की. आणि जी तारीख येईल, त्या दिशी मला कुठं बोलावू नगंस."

ती रागानं बोलली नाही. शेंगा मोडतच होती. आईचा नंबर मी आजही कुठल्याच फोनमध्ये सेव्ह केलेला नाही. तोंडपाठ आहे, रोज हातानं दाबते.